खापर फोडायला स्वभाव बरा

परदेशी निघालेल्या माणसाची हल्ली दोनदा परीक्षा होते. एकदा भाषेची, एकदा स्वभावाची. भाषेच्या परीक्षेत निदान कुठे चुकलं ते कळतं. स्वभावाच्या परीक्षेत एसी लावलेल्या हॉलमध्ये बसून 'अनोळखी माणसांशी स्वतःहून बोलायला मला आवडतं' अशा वाक्यापुढे एक ते पाचमधल्या एका आकड्यावर खूण करायची असते. आता डोंबिवलीहून पंधरा वर्षं लोकलनं जाणाऱ्या माणसानं इथे काय करावं? गाडीतल्या भजनी मंडळात तो टाळ घेऊन सगळ्यांच्या पुढे असतो आणि ऑफिसात डबा खाताना कोपऱ्यातलं टेबल गाठतो. बराच विचार करून तो तीनवर खूण करतो. मग प्रशिक्षक त्याला सांगतो, की तिकडे टिकायचं असेल तर जरा 'खुलायला' हवं.

या सल्ल्यामागे एक सिद्धान्त आहे. पुरवण्यांतल्या लेखांत, कंपन्यांच्या कार्यशाळांत, व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासांत आणि लग्नाच्या पंगतीतही तो ऐकू येतो. बोलका, धीट, कुठेही मिसळणारा माणूस परदेशात रुळतो. बुजरा, घरकोंबडा, वरणभातावर जीव असलेला परत येतो. याला एक खास मराठी शेपूटही आहे: 'आपला माणूस मुळातच घरकोंबडा, पंजाबी-गुजराती बघा कसे जगभर पसरलेत.' शेवटी 'स्वभावाला औषध नाही' असं म्हणून विषय मिटतो, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच स्वभावावर औषध म्हणून तीन दिवसांचा कोर्स फी घेऊन सुरू होतो.

या सिद्धान्ताच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी देऊन टाकलं पाहिजे. स्वभावाचा परिणाम होतो. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मोठे पैलू मानतात: बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती, नेटकेपणा, भावनिक स्थैर्य आणि नव्याचं कुतूहल. पॉला कॅलिजुरी या अमेरिकी संशोधिकेनं २००० साली परदेशी नेमणुकीवर गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे पैलू तपासले. बहिर्मुख, जुळवून घेणाऱ्या आणि स्थिर मनाच्या माणसांना मुदतीआधी परतावंसं कमी वाटत होतं. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये फान डर झे आणि फान औडेनहोवेन यांनी खास परदेशी वास्तव्यासाठी एक प्रश्नावली बनवली. तिच्यात परक्या संस्कृतीबद्दल सहानुभूती, खुलं मन, पुढाकार, स्थैर्य आणि लवचीकपणा मोजतात. हे काम गंभीर आहे, त्याची थट्टा करण्याचं कारण नाही.

पण कॅलिजुरींच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे आणि कार्यशाळेच्या स्लाइडवर ती कधी येत नाही. वरिष्ठांनी ज्यांच्या कामाला चांगले गुण दिले, त्यांच्यात बहिर्मुखता उठून दिसत नव्हती. उठून दिसत होता तो नेटकेपणा, म्हणजे घेतलेलं काम वेळेत आणि नीट पुरं करण्याची सवय. राहावंसं वाटणं ही एक गोष्ट झाली, काम फत्ते करणं ही दुसरी. सर्ल आणि वॉर्ड या संशोधिकांनी १९९० सालीच असा भेद दाखवून दिला होता. माणसाचं मन तिथे रमतं का, हा एक प्रश्न. आणि त्याला तिथले रोजचे व्यवहार जमतात का, हा दुसरा. बसचं तिकीट, सरकारी खिडकी, बॉसला 'नाही' कसं म्हणायचं, हे सगळं दुसऱ्यात येतं. रात्री उशीत तोंड खुपसून रडणारा माणूस दिवसा उत्तम काम करू शकतो. शनिवारी पन्नास माणसांना बिर्याणी खिलवणारा सोमवारी कामात साफ उघडा पडू शकतो. 'रुळला' हा एकच शब्द दोघांसाठी वापरला की अर्धा घोळ तिथेच होतो.

उरलेला घोळ सिंगापुरात उघडकीला येतो.

सर्ल आणि वॉर्ड यांनी न्यूझीलंडमध्ये शिकणारे मलेशियन आणि सिंगापुरी विद्यार्थी तपासले, तेव्हा बहिर्मुख मुलं खरोखरच अधिक सुखात होती. सिद्धान्त सिद्ध झाला म्हणायचं. पण वर्षभर आधी, १९८९ मध्ये, आर्म्स आणि वॉर्ड यांचा उलट्या दिशेचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात इंग्रजी बोलणारी परदेशी मंडळी सिंगापुरात राहायला आलेली होती, आणि तिथे बहिर्मुख माणसंच जास्त कंटाळलेली, वैतागलेली, खिन्न आणि आजारी निघाली. गुण तोच, गाव बदललं आणि गुणाचा दोष झाला. कोलीन वॉर्ड यांनी हा धागा सोडला नाही. १९९७ साली वेइनिंग चँग यांच्यासह त्यांनी सिंगापुरातल्या अमेरिकनांची पाहणी केली. नुसत्या बहिर्मुखतेचा खिन्नतेशी संबंध लागेना. संबंध लागला तो अंतराचा: माणूस किती बहिर्मुख आहे आणि सिंगापूरकर सर्वसाधारणपणे किती बहिर्मुख असतात, या दोहोंत जितकं अंतर जास्त तितकी खिन्नता जास्त.

चपलेचा नंबर विचारायचा आणि पाय बघायचाच नाही, असला हा प्रकार. 'परदेशासाठी योग्य व्यक्तिमत्त्व' या शब्दांना काही अर्थच उरत नाही, कारण परदेश नावाचा देश कुठेच नाही. ह्यूस्टन आहे, ओसाका आहे, दोहा आहे, फिनलंडमधलं एखादं तळ्याकाठचं गाव आहे. ह्यूस्टनमध्ये लिफ्टमधल्या अनोळखी माणसाशी हवापाण्याबद्दल बोलणं हा शिष्टाचार. फिनलंडमध्ये तोच माणूस पुढच्या वेळी जिन्यानं जाईल. कार्यशाळेत ज्याला 'खुलायला' सांगितलं, त्याला कुठे पाठवणार आहेत हे तरी प्रशिक्षकानं आधी विचारलं होतं का?

परदेशी राहणाऱ्यांची दरवर्षी पाहणी करणारी इंटरनेशन्स नावाची संस्था आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या तिच्या यादीत कुवेत तळाला होतं. २०२३ ला पहिला नंबर मेक्सिकोचा, २०२४ ला पनामाचा. अशा पाहण्या शास्त्रीय काटेकोरपणाच्या नसतात, हे खरं. तरीही हसू येतं. जगातले सगळे घरकोंबडे नेमके कुवेतचं तिकीट काढतात आणि सगळे मनमोकळे मेक्सिकोचं, असं मानायचं की काय?

यावर एक प्रश्न हटकून येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. एकाच कंपनीतले दोघं, व्हिसा तोच, शहर तेच, पगार तोच. एक तिथे घर घेतो, दुसरा आठ महिन्यांत परत येतो. मग फरक स्वभावाचा नाही तर कशाचा?

घरी कोण आहे, ते बघावं. रोझली टंग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी, युरोपीय आणि जपानी कंपन्यांना विचारलं होतं, की तुमची परदेशी पाठवलेली माणसं अपयशी का ठरतात. अमेरिकी कंपन्यांच्या उत्तरात पहिलं कारण होतं जोडीदाराचं तिथे न रमणं. म्हणजे ज्याची परीक्षा घेतली तो नव्हेच, ज्याला परीक्षेला बोलावलंच नव्हतं तो. पुढे २००५ मध्ये ६६ अभ्यास आणि ८,४७४ परदेशस्थ कर्मचारी एकत्र घेऊन केलेलं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यातही जोडीदाराचं रुळणं हा ठळक घटक ठरला. माणसांशी संबंध जोडण्याचं कसब त्याच्या शेजारी होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ते कसब आहे, शिकता येतं, आणि प्रश्नावलीतल्या 'मला पार्टीत जायला आवडतं' या खुणेशी त्याचं फारसं नातं नाही.

टंग यांच्याच पाहणीवरून या धंद्यातली एक मोठी अफवा उठली. परदेशी पाठवलेल्या माणसांपैकी १६ ते ४० टक्के अपयशी होऊन परततात, हे वाक्य वर्षानुवर्षं पुस्तकापुस्तकांतून फिरत होतं. ॲन-विल हारझिंग यांनी १९९५ साली त्या आकड्याचा माग काढला. एका लेखकानं दुसऱ्याचा दाखला दिलेला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, आणि तळाशी फारसं काही नाही. टंग यांच्या पाहणीत २० ते ४० टक्के माणसं परत बोलवावी लागलेल्या अमेरिकी कंपन्या होत्या अवघ्या ७ टक्के. कानगोष्टीचा खेळ झाला होता. पण भीती विकायची असेल तर आकडा मोठा लागतो.

मराठी वाचकाला मात्र टंग किंवा वॉर्ड यांच्याकडे जायची गरजच नाही. स्वभावाच्या सिद्धान्ताला सगळ्यात सणसणीत उत्तर कल्याणच्या एका मुलीनं १८८० च्या दशकातच देऊन ठेवलंय, स्वतःचा जीव देऊन.

आनंदीबाई जोशी अठराव्या वर्षी कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या, नवऱ्याशिवाय. जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत इंग्रजीत भाषण करून, मी का जाते आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच कशी परत येईन, हे त्यांनी सांगितलं. धाडस, कुतूहल, चिकाटी, स्थैर्य: कुठलीही प्रश्नावली काढा, या मुलीला पैकीच्या पैकी गुण पडतील. लवचीकपणाही होता. नऊवारीत पोटऱ्यांना थंडी लागते म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. नेमणुकीचा हेतू साध्य, कामगिरी उत्तम.

त्या रुळल्या कशामुळे, हे पाहण्यासारखं आहे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई एकदा दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचा पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी हिंदुस्थानात पत्र टाकलं. तिथून ओळख वाढली. आनंदीबाई १८८३ च्या जूनमध्ये न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा तिकडे एक घर त्यांची वाट बघत होतं. त्या कार्पेंटरबाईंना 'मावशी' म्हणत. महाविद्यालयात डीन रेचल बॉडली होत्या, आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती होती. एक मावशी, एक डीन आणि शिष्यवृत्ती. कुठल्याच चाचणीत यांच्यासाठी रकाना नसतो.

आणि मोडल्या त्या कशानं? फिलाडेल्फियातल्या त्यांच्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की पेनसिल्व्हेनियातली थंडी. दोहोंतलं एक रोज निवडायचं. शाकाहारी जेवण तिथे मिळत नव्हतं, अभ्यास सांभाळून ते स्वतः रांधायचं. डोकेदुखी, ताप, मग क्षय. गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेत पोचले आणि गावोगावच्या व्याख्यानांत अमेरिकी समाजावर तोंडसुख घेऊ लागले. त्यांना मिळतंजुळतं घेण्याचे किती गुण पडले असते, हे सांगायला नको. तब्येतीनं मात्र ते ठणठणीत होते. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवलेली होती. तिथे रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

१८८५ च्या ऑक्टोबरात काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन परदेशी मुली आपापल्या देशाच्या वेषात शेजारी शेजारी: आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लांबुली. ओकामी १८८९ मध्ये डॉक्टर होऊन जपानला परतल्या आणि पुढे कितीतरी वर्षं जगल्या. त्या फोटोत स्वभावानं सगळ्यात कणखर कोण, हे चेहऱ्यांवरून कोणी ओळखून दाखवावं.

आज खोली गरम असते आणि पोळ्या फ्रोझन मिळतात. तरी शेगडीच्या जागी दुसरं काही ना काही असतंच. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरच्या बायकोला एच-४ व्हिसा मिळतो. २०१५ च्या मेपर्यंत त्यावर नोकरी करायला मुळीच परवानगी नव्हती. त्यानंतर मिळाली तीही फक्त नवऱ्याची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचलेल्यांना. पुण्यात बँकेत अधिकारी असलेली बाई न्यू जर्सीतल्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर पार्किंगमधल्या गाड्या मोजत बसली आणि दोन वर्षांनी चिडचिडी झाली, तर शेजारच्या काकू म्हणतात, 'तिचा स्वभावच तसा, मिसळत नाही कुणात.' खुद्द नवऱ्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस. ग्रीन कार्डासाठी दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांत मोजतात. अशा माणसाच्या हातात प्रश्नावली देऊन 'तुम्ही वारंवार काळजी करता का?' असं विचारायचं आणि पाचवर खूण आली की 'भावनिक स्थैर्य कमी' असा शेरा मारायचा! साठ दिवसांच्या टांगत्या तलवारीखाली जो काळजी करत नाही, त्याच्याच मनाची खरं तर तपासणी व्हायला हवी.

ही स्वभावपरीक्षा फक्त लॅपटॉपवाल्यांची होते, हेही लक्षात घ्यावं. आखातात गेलेल्या गवंड्याला, रत्नागिरीच्या ड्रायव्हरला कुणी अंतर्मुख-बहिर्मुख विचारत नाही. २०२० पर्यंत कतारमध्ये नोकरी बदलायला आधीच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागत असे. असा माणूस दहा वर्षं एकाच मालकाकडे राहिला, तर तो रुळला म्हणायचा की अडकला? त्याची पाहणी केली असती तर 'मुदतीआधी परतण्याची इच्छा' या रकान्यात त्यानं काय लिहिलं असतं, आणि लिहिलं असतं तरी ते त्याला कुणी करू दिलं असतं का?

मराठी बोलणाऱ्यांचा एक समाज जवळजवळ सबंध परदेशी गेला. त्याची गोष्ट या वादात कुणी काढत नाही. कोकणातले आणि मुंबईतले बेने इस्रायल १९४८ नंतर इस्रायलला जाऊ लागले. खरं तर त्यांच्या लेखी तो परदेशही नव्हता, पिढ्यान् पिढ्या प्रार्थनेत नाव घेतलेली भूमी होती. ओढ होती, धर्म तोच होता. पण १९५१ मध्ये त्यांच्यातले काही जण तेल अवीवमध्ये धरणं धरून बसले, आम्हाला परत हिंदुस्थानात पाठवा म्हणून. काम आणि घर मिळताना आपल्याला काळे म्हणून मागे ठेवतात, अशी त्यांची तक्रार होती. १९५२ मध्ये शंभरावर माणसं विमानानं मुंबईला परतलीही. मग तीच माणसं, बहुतेक सगळी, काही वर्षांत पुन्हा इस्रायलला गेली.

या ये-जा करण्यावर तेव्हा टीका झाली असणार, चंचल म्हणून. पण पुढचं ऐकावं. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना काढली, की बेने इस्रायल व्यक्तीचं लग्न इतर ज्यूशी लावण्याआधी तिच्या मागच्या पिढ्या तपासून घ्याव्यात. दोन वर्षं लढा चालला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्रायल रस्त्यावर उतरले, संसदेनं त्यांच्या बाजूनं भूमिका घेतली आणि धर्मपीठाला ती सूचना बदलावी लागली. आज बीरशेबा, दिमोना, अशदोद इथे ही मंडळी घट्ट रुजलेली आहेत. मलिदा होतो, क्रिकेट खेळलं जातं, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघालं. १९५१ ते १९६४ या तेरा वर्षांत या समाजाचा स्वभाव बदलला नाही. नियम बदलला, आणि तोही यांनी भांडून बदलून घेतला. 'मिळतंजुळतं घ्या' हा सल्ला त्यांनी मानला असता, तर आजही आजीच्या आजीचे दाखले काढत बसले असते.

आता एक उलटा प्रश्न. स्वभाव आधी आणि परदेश नंतर, हे तरी कुणी ठरवलं? जर्मनीत त्सिमरमान आणि नायर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. ११३४ विद्यापीठीय विद्यार्थी, त्यातले काही परदेशी शिकून आले, काही घरीच राहिले. दोन्ही गटांची पुन्हा पुन्हा पाहणी. जाणारी मुलं मुळातच थोडी वेगळी होती, हे खरं निघालं. पण परत आलेल्यांचा स्वभावही हलला होता. नव्याचं कुतूहल वाढलं होतं, मिळतंजुळतं घेणं वाढलं होतं, मनाची अस्थिरता कमी झाली होती. आणि हा बदल बऱ्याच अंशी तिकडे जोडलेल्या माणसांमुळे झाला होता. थोडक्यात, ज्याला मावशी भेटली त्याचा स्वभाव सुधारला. जुन्या परदेशस्थाच्या मोकळेपणाकडे बोट दाखवून 'बघा, असे लोकच टिकतात' असं म्हणणारे, पोहून आलेल्याचे ओले कपडे दाखवून 'ओले कपडे असले की पोहता येतं' असं सांगत असतात.

धर्मानंद कोसंबींचं उदाहरण कुठल्याच चौकटीत बसत नाही, म्हणून ते इथे हवं. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बायकोमुलीला मागे ठेवून ज्ञानाच्या ओढीनं घराबाहेर पडला, श्रीलंकेत जाऊन पाली शिकला आणि १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेला. 'निवेदन' हे त्यांचं आत्मकथन वाचलं तर उदासीचे झटके, बेचैनी, तत्त्वासाठी तुटेपर्यंत ताणण्याची वृत्ती पानोपानी दिसते. हार्वर्डमध्ये संपादनाच्या श्रेयावरून लॅनमन या प्राध्यापकाशी बिनसलं आणि १९१२ मध्ये ते निघून आले. कुठल्याही कंपनीच्या कागदावर हे 'अपयशी नेमणूक' म्हणूनच नोंदलं जाईल. त्यानंतर हा अपयशी माणूस त्याच हार्वर्डला आणखी तीन वेळा गेला आणि मध्ये लेनिनग्राडलाही राहून आला. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली, हार्वर्डच्याच ग्रंथमालेत त्यांच्या नावानिशी निघाला.

मग स्वभावाची एवढी चर्चा का? कारण ती स्वस्त पडते. बायकोच्या वर्क परमिटसाठी वकील लावायला पैसे लागतात. घर मिळेपर्यंत तीन महिने राहायची सोय करायला पैसे लागतात. भाषा नीट शिकवायला वर्ष जातं. माणसाला 'खुला' म्हणायला काही लागत नाही, आणि तो परत आला तर पाठवणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं.

हे आता महाराष्ट्रात नुसत्या वादाचं राहिलेलं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल माणसं पाठवायची घोषणा झाली. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर. तिथे नर्स म्हणून नोंदणी हवी तर साधारण बी-२ पातळीचं जर्मन लागतं. ती पातळी दोन-चार महिन्यांत गाठली जात नाही. इथली पदवी तिथे मान्य करून घ्यायची प्रक्रिया वेगळीच. आणि पोचल्यावर पहिला महिना असा असतो: नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. नोंदणीला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. त्यासाठी आधी घर लागतं. घर देताना मालक पगाराच्या पावत्या आणि शुफा नावाचा उधारीचा अहवाल मागतो, आणि नवख्याकडे दोन्ही नसतं. कराचा नंबर येतो तो टपालानं, नोंदवलेल्या पत्त्यावर. पत्ता नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर नंबर नाही, आणि नंबर नाही तोवर पगारातून कर कापला जातो तो चढ्या दरानं. या साखळीत सापडलेली सोलापूरची नर्स कितीही हसतमुख असो, सातव्या फेरीला त्या खिडकीशी तिचा आवाज चढणारच.

त्याच राज्यातल्या श्वाबेन भागात बऱ्याच जुन्या इमारतींत 'केअरवोखे' म्हणून एक रीत आहे. जिना झाडून पुसायची आणि दारासमोरचा फुटपाथ साफ करायची पाळी दर आठवड्याला एकेका भाडेकरूकडे फिरते. ज्याची पाळी त्याच्या दाराला छोटी पाटी अडकवतात. आठवडा सरला, जिना झाला, की पाटी शेजारच्या दाराला. पाळी चुकवणाऱ्याकडे शेजारी कसं बघतात, हे तिथे राहून आलेल्या कुणालाही विचारावं. कार्यशाळेत पाचवर खुणा करणाऱ्या हजरजबाबी माणसालाही ते बघणं सोसवत नाही.

डोंबिवलीच्या त्या तीनवाल्याला उद्या तिकडे पाठवलं, तर शनिवारी सकाळी तो बहुधा बादली आणि फडकं घेऊन जिन्यात असेल. वरून चौथ्या पायरीपर्यंत पुसून झालेलं. खालच्या मजल्यावरची आजी भाजीची पिशवी घेऊन येईल, ओल्या पायरीशी थबकेल, कडेकडेनं चढत 'ग्र्युस गॉट' म्हणेल. तो तेवढंच परत म्हणेल आणि फडकं पिळून पाचवी पायरी घेईल.